विंचवाच्या डावीकडची धूळ

१८ फेब्रुवारी २०२६, बुधवार

अब्बांना चाँद दिसला नाही!

बाकी सगळ्यांना दिसला. मशिदीच्या गच्चीवर वीसेक माणसं, आणि मधला बोळ सोडून आमच्या गच्चीवर मी आणि अम्मी. मलासुद्धा दिसला — बारीक, बाभळीच्या जरा वर. आणि आधी ओरडला कोण? मुजाहिद! माझ्या फुफूचा, म्हणजे आत्याचा, मुलगा, दिवसभर गॅरेजात मोटारसायकलींखाली डोकं घालून बसणारा. ‘मामू, त्यो बगा की! त्यो काय!’ अब्बा कपाळाशी हात धरून उभे. बराच वेळ. मग म्हणाले, ‘मला न्हाई दिसला.’

तीस वर्षं धारूरात उलटं होत आलंय. आधी दिलावर फळवाल्याला दिसणार, मग बाकीच्यांना. लोक आभाळाकडे बघायचेच नाहीत, अब्बांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

खाली उतरताना हारिसचाचा — चाँद कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष — जे बोलले ते मला बोळातून स्पष्ट ऐकू आलं. ‘दिलावर, ईदच्या चांदाला आता मुजाहिदच बगंल म्हनतो मी. तुजं बी वय झालं.’

अब्बा म्हणाले, ‘बरं.’

बरं काय बरं! चंद्र जेमतेम पंचवीस तासांचा, त्यात क्षितिजावर धुरळा. एकदा नाही दिसला तर लगेच माणूस बाद? डोळे चांगले आहेत त्यांचे. मी हे सिद्ध करून दाखवणार. कसं, ते अजून माहीत नाही.

१९ फेब्रुवारी, पहिला रोजा

पहाटे सहेरीच्या जेवणाला उठलो आणि लाईट गेली. सगळं गाव गडप! अम्मी मेणबत्ती शोधत बडबडत होती, मी पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीवर पळाले. अब्बा आधीच खाटेवर बसलेले.

काय आभाळ होतं! आग्नेयेला विंचू पूर्ण वर आलेला, त्याच्या खाली-डावीकडे आकाशगंगेचा पांढुरका पट्टा. आणि पट्ट्यात मधेमधे काळं. मी म्हटलं, ‘ढग आलेत.’

‘ढग न्हाईत ते,’ अब्बा म्हणाले. ‘पंचवीस वरीस बगत आलो. जागचं हाललं न्हाई.’

मग त्यांनी विचारलं, ‘बिच्छूचा लाल तारा कुठं आला?’ मी म्हटलं, पाण्याच्या टाकीच्या वर. ‘त्येला धर. हात लांब करून एक मूठ डावीकडं सरक, जराशी खाली. तिथं काळं सीताफळ हाय. देठासकट.’

मला काही दिसेना. ‘सरळ बगू नको. बाजूला बग, म्हंजी दिसंल.’ बाजूला बघितलं — आणि खरंच! आधी देठ, मग त्याच्या टोकाला गोळा.

सीताफळच का, तर हंगामात ते टेम्पो घेऊन संध्याकाळी घाटात जायचे, डोंगरातल्या बायकांकडून सीताफळं घ्यायला. माल येईपर्यंत दोन-दोन तास टपावर उताणे पडून राहायचे.

(अब्बा अर्धं दखनी बोलतात, अर्धं बाजारातलं मराठी. वहीत मी सगळं मराठीच करून टाकते.)

२० फेब्रुवारी

शाळेत दोन तास मोकळे होते. फोनवर तेच शोधत बसले. आणि लाजच वाटली. मी नववीला विज्ञान शिकवते, आणि आजवर मला वाटत होतं की काळं म्हणजे तिथं काही नाही!

उलटं आहे. काळं आहे तिथंच जास्त आहे. ती धूळ आहे. पाचशेएक प्रकाशवर्षांवर धुळीचा ढग आडवा पसरलाय आणि मागचे लाखो तारे त्याने झाकलेत. तारे आहेत तिथेच, आपल्यापर्यंत त्यांचा उजेड येत नाही. जुन्या काळी एका मोठ्या ज्योतिर्विदाला वाटलं होतं की आकाशाला भोक पडलंय. म्हणजे मी एकटीच नाही!

अब्बांच्या सीताफळाला जगात नाव आहे — चिलीम. मी हसले. ज्याला जे हवं असतं ते दिसतं.

पण आता डोक्यात किडा शिरलाय. नुसत्या डोळ्यांनी ही धूळ ओळखणं सोपं नाही. पुष्कळांना दिसतच नाही म्हणे. मग ज्याला दिसते त्याची नजर वाईट कशी? सापडली परीक्षा!

२२ फेब्रुवारी

परीक्षेचे नियम: मी नकाशा दाखवायचा नाही. नाव सांगायचं नाही. नुसतं विचारायचं — अमुकच्या अमुक बाजूला काळं कुठं आहे? त्यांनी सांगायचं, मी वहीत काढायचं, सकाळी फोनवरच्या नकाशाशी ताडून बघायचं.

आज चार प्रश्न. चारही बरोबर.

लाल ताऱ्यापासून एक काळा पाट निघतो आणि सीताफळाच्या देठाला येऊन मिळतो, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, हे काहीतरीच. शाळेत बघितलं — आहे! जगभर लोक त्याचे फोटो काढतात. माझ्या बापाने टेम्पोच्या टपावर पडून शोधलाय तो.

२४ फेब्रुवारी

अम्मीची भुणभुण सुरू झाली. बारा मार्चला गावात डोळ्यांचं शिबिर आहे, तिने अब्बांचं नाव देऊन टाकलं. ‘परवा गिऱ्हाइकाला खजुराच्या जागी मनुके बांदून दिले त्यांनी. तू आभाळाचं सांगू नको मला.’

इफ्तारच्या गर्दीत कोणाचंही होतं तसं. अम्मीला सगळ्यात आजारच दिसतो.

२५ फेब्रुवारी

पाच प्रश्न, पाच बरोबर. काल-परवाचे चार धरून एकूण तेरापैकी तेरा!

२६ फेब्रुवारी

धुळीबद्दल वाचतेय आणि थांबवत नाही. तिचा एक कण विडीच्या धुरातल्या कणाएवढा. काजळी आणि वाळू, वर बर्फाचा थर. म्हाताऱ्या ताऱ्यांनी फुंकून टाकलेली. आत थंडी इतकी की आपला बर्फ तिथं उकळतं पाणी वाटावा. आणि विरळ किती! पृथ्वीवर माणसाने पंप लावून केलेली पोकळीसुद्धा तिच्यापेक्षा दाट भरेल. तरी तारे झाकले जातात, कारण ढगाची जाडी प्रकाशवर्षांत आहे.

हे नववीच्या पोरींना सांगितलं. एक म्हणाली, ‘मॅडम, मग ती धूळ नाहीच म्हणा की.’ बरोबर विचारलंस बाई! मलाही रात्रभर तेच वाटत होतं.

आणखी एक — उष्णतेचे किरण बघणाऱ्या दुर्बिणी आहेत. त्यांतून बघितलं की हे काळं विरघळून जातं आणि मागचे तारे जसेच्या तसे दिसतात.

२७ फेब्रुवारी

आज मोठी परीक्षा घेतली. अब्बांच्या हातात खडू दिला, म्हटलं, गच्चीवर काढा. विंचवापासून डावीकडे जे जे काळं आहे ते सगळं. अंधारातच काढलं त्यांनी, गुडघ्यांवर बसून, सरकत सरकत. अजान झाली तेव्हा नमाजला उठले.

उजाडल्यावर बघितलं. देठ, गोळा, पाट, वरच्या बाजूला आकाशगंगेला दुभागणारी लांब भेग — सगळं! प्रमाण थोडं चुकलंय. ते मी सोडून देते.

दूध घेऊन तात्याबा आले होते, डोंगरावर मेंढरं राखतात ते. त्यांना गच्चीवर नेऊन दाखवलं. काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. ‘ह्ये तर दिलावरचं सीताफळ! घाटात बसून आमाला दावायचा. त्येला तोंडपाठ हाय सगळं.’ मग म्हणाले, ‘तुझा बा लई येगळा मानूस हाय, पोरी.’

खरंय. मला फार अभिमान वाटला.

३ मार्च

पुनव. पहाटे आभाळभर चांदणं. धूळ दिसायची नाही. दोन आठवडे परीक्षा बंद.

५ मार्च

मग कागदावर बसले. सीताफळाचा मोठा फोटो पेनड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सवाल्या अभिमन्यूकडे गेले. छापून बाहेर आला तर त्याचा चेहरा पडला. ‘ताई, डाग आला बगा मधीच. ड्रम खराब झाला वाटतं. दुसरी काडतो.’ दुसरी काढली. तिच्यावरही डाग! तिसरीच्या आत मी सांगितलं की डाग पाचशे प्रकाशवर्षांवर आहे, तुझ्या मशीनचा दोष नाही. तो माझ्याकडे आणि कागदाकडे आळीपाळीने बघत राहिला.

घरी पट्टीने चौकोन आखले. तारे मोजायचे. ज्या चौकोनात कमी, तिथं धूळ जास्त — इतकं सोपं! मोठमोठ्या लोकांनी असंच केलं होतं. आकाशगंगेच्या उजळ भागात एका चौकोनात एकशे बारा. देठात नऊ. गोळ्याच्या मधोमध दोन. ते दोनही बहुधा धुळीच्या अलीकडचे, आपल्या बाजूचे.

अब्बा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, ‘म्हंजी न्हाई ते मोजायचं.’

हो. नाही ते मोजायचं.

८ मार्च

आज अम्मीशी कडाक्याचं भांडण. शिबिराचं. ती म्हणते, नुसतं दाखवून यायला काय जातं? मी वही उघडून समोर ठेवली. तेरा प्रश्न, तेरा उत्तरं, शिवाय गच्चीवरचं खडूचं चित्र उतरवून घेतलेलं. म्हटलं, ‘ज्याला पाचशे प्रकाशवर्षांवरची धूळ दिसते त्याला शिबिर कशाला?’

अम्मीला प्रकाशवर्ष कळत नाही, पण तिने वहीची पानं उलटून बघितली. मग अब्बांना म्हणाली, ‘तुमी सांगा. तुमचं तुमालाच म्हाईत.’

अब्बा द्राक्षांच्या पेटीतल्या कागदाच्या घड्या घालत होते. म्हणाले, ‘जिनू म्हनती तर बरोबरच आसंल.’

मी शिबिराची नावं घेणाऱ्या आशाताईंना फोन करून नाव काढायला सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, दुसऱ्याला जागा मिळेल.

९ मार्च

वही घेऊन थेट हारिसचाचांकडे गेले. ओटीवरच बसून सगळं दाखवलं. चाचांनी चष्मा वर करून एकेक पान बघितलं. ‘आन् ह्ये सगळं दिलावरनं सांगितलं? अंधारात?’ मी म्हटलं, चाचा, तुम्ही स्वतः येऊन विचारा.

ते नाही म्हणाले. म्हणाले, ‘तू खोटं लिहिनार न्हाईस.’ ईदच्या चांदाला अब्बा उभे राहणार! मुजाहिदही राहील, पण अब्बा राहणारच.

परतताना गॅरेजवरून आले. मुजाहिद हसला, ‘आभाळाची बी सर्व्हिसिंग काडली म्हनं तू.’ त्याने पुण्याहून दुर्बीण मागवली आहे. मागव! माझ्या बापाला दुर्बीण लागत नाही.

१२ मार्च

शिबिराची रिक्षा भोंगा वाजवत बोळातून गेली. अम्मी दारात उभी राहून बघत होती. माझ्याशी बोलली नाही.

१६ मार्च

जवळजवळ दोन आठवड्यांनंतर पुन्हा काळोख. विंचू आता दक्षिणेला सरळ उभा. नवीन वाचलेलं अब्बांना सांगितलं: त्या काळ्याच्या आत, जिथं धूळ सगळ्यात दाट, तिथं ती स्वतःच्या वजनाने आत आत बसत जाते आणि तिथूनच तारे पेटतात. आपला सूर्यही असल्याच काळ्या ढगातला.

त्यांनी विचारलं, ‘आतून बाहेरचं दिसत आसंल का त्येला? त्या ताऱ्याला?’

मला हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पण उत्तर काढता येईल. धूळ दोन्हीकडून सारखीच अडवते. म्हणजे पेटल्यावर आधी त्याला काहीच दिसत नसणार, नुसतं आपल्या घरातलं. मग तो हळूहळू भोवतीची धूळ फुंकून लावतो. त्याला लाखो वर्षं लागतात.

‘लाखो,’ अब्बा म्हणाले. आणि हसले.

१८ मार्च

उद्या एकोणतिसावा रोजा. गणित केलं. अमावास्या उद्या सकाळी सातच्या जरा आधी. संध्याकाळी सूर्य बुडताना चंद्र पुरते बारा तासांचाही नसेल. इतका कोवळा चंद्र नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, कोणालाच नाही!

इफ्तारनंतर अब्बांना सांगायला गेले. त्यांनी हात वर केला. ‘कागदावरचं मला सांगू नको. शहादत, म्हंजी साक्ष, डोळ्याची आसती. उद्या मी बगनार, आन् जे आसंल ते सांगनार.’

१९ मार्च, एकोणतिसावा रोजा

झोपायच्या आधी लिहून ठेवते.

सूर्य बुडाला. गच्चीवर गर्दी. पश्चिमेला केशरी पट्टा, त्यात विमानाने सोडलेल्या धुराच्या एक-दोन रेघा. दहा मिनिटं गेली. आणि मुजाहिद दुर्बिणीतून ओरडला — ‘दिसला! त्या रेघेच्या बाजूला!’

खाली बोळात पोरं नाचायला लागली. कोणीतरी फटाका लावला. कापडाच्या दुकानातून गलका. मी कठड्यावरून ओरडणार होते की शक्यच नाही, पण हारिसचाचांचा आवाज आला. ‘एकट्याची साक्ष चालत न्हाई. दुसरा कोन?’ दोन-तीन पोरं पुढं झाली, दुर्बिणीत बघितलं, गोंधळली. चाचा म्हणाले, ‘दिलावर, तू बोल बे.’

मुजाहिद ‘मामू, तिथं बगा, तिथं’ म्हणत त्यांचा खांदा धरून वळवत होता. भाच्याच्या शब्दाला हो म्हणणं किती सोपं होतं! उद्या ईद, सगळं गाव खुश, आणि नजर शाबूत असल्याचं गावभर नाव.

अब्बांनी बघितलं. पुरतं, वेळ घेऊन. आणि म्हणाले, ‘मला दिसला न्हाई.’

चाचांनी तिथंच जाहीर केलं: दिलावरला दिसला नाही म्हणजे नाही. परवा ईद. मुजाहिद पाय आपटत खाली गेला. त्याला खरंच वाटलं असेल दिसला असं, विमानाची रेघ असणार. गावोगावच्या फोनवरूनही तेच कळलं, कुठंच दिसला नाही.

जिंकलो! हारिसचाचा अब्बांचा हात धरून घरापर्यंत सोडायला आले. अम्मीने माझ्यासमोर खजुराची वाटी ठेवली. तेवढंच, पण ठेवली.

२० मार्च, तिसावा रोजा

आज चाँद सगळ्यांना दिसला. दिसायलाच हवा, छत्तीस तासांचा, वर, लखलखीत. बोळातल्या तीन वर्षांच्या पोरीलाही दिसला. अब्बा आज आमच्याच गच्चीवर होते. मी त्यांच्या शेजारी. त्यांनी दोन्ही हात उचलून दुआ मागितली, मग आभाळाकडे तोंड करून म्हणाले, ‘मुबारक हो, बेटा. काय साफ दिसतोय!’

त्यांचं तोंड किल्ल्याकडे होतं. चाँद त्यांच्या उजव्या खांद्याच्या मागे होता.

मी शीरखुर्म्याचे बदाम सोलायला खाली आले. सोलून झाल्यावर वही मागे चाळली. एक महिना मी त्यांना प्रश्न विचारतेय. काळं कुठं आहे? आणखी काळं कुठं? त्याच्या खाली? प्रत्येक प्रश्न काळ्याचा. एखादा तारा दाखवा, असं एकदाही म्हटलेलं नाही. ताऱ्याची जागा दर वेळी मीच त्यांना सांगितलीय.

उद्या नमाजवरून आले की विचारते.

२१ मार्च, ईद

विचारलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. ‘आठ म्हैने झालं, बेटा. एक बी तारा न्हाई. परवा खोटं बोललो न्हाई मी — दिसला न्हाई, तेच सांगितलं.’

‘मग ते सीताफळ? तो पाट? ते सगळं काळं?’

‘तेवडंच तर दिसतं मला,’ म्हणाले. ‘कुटं बी बगितलं तरी.’